पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही : एसएसएच किल्लीचा इतिहास

१३ ऑगस्ट २०२१ रोजी गिटहबने आपला एक जुना दरवाजा कायमचा बंद केला. आपल्या संगणकावर लिहिलेला कोड दूरच्या भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, पाठवताना लोक वर्षानुवर्षे नाव आणि पासवर्ड टाइप करत आले होते. त्या दिवसापासून तोच पासवर्ड, एका अक्षराचीही चूक नसताना, नाकारला जाऊ लागला. संकेतस्थळावर तो चालत होता. कोड पाठवताना मात्र चालत नव्हता. पर्याय मुख्यतः दोन उरले : यंत्राने घडवून दिलेले लांबलचक टोकन, किंवा एसएसएच किल्ली.

किल्लीचा मार्ग ज्यांनी निवडला, त्यांतील पुष्कळांनी कुठल्यातरी मार्गदर्शिकेतून चार-पाच ओळी जशाच्या तशा उतरवल्या. एक आज्ञा दिली की दोन फायली तयार होतात. एकीच्या नावाला 'पब' हे शेपूट असते. तिच्यातली ओळ गिटहबच्या पानावर नेऊन चिकटवायची. दुसरी कोणालाही दाखवायची नाही. मध्येच एक परवलीचे वाक्य मागितले जाते; ते रिकामे सोडण्याचा मोह होतो. पहिली जोडणी होताना अक्षरांची एक अगम्य मालिका समोर येते आणि 'हाच सर्व्हर ना?' असे विचारले जाते. त्यावर न वाचताच 'यस' लिहिले जाते.

या प्रत्येक पायरीमागे एखादी चोरी किंवा एखादी घोडचूक उभी आहे. हा धागा त्यांचाच.

दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करण्याची सोय इंटरनेटहूनही जुनी. टेलनेट हा त्यासाठीचा कार्यक्रम १९६९ पासून, अर्पानेटच्या जन्मापासूनच आहे. त्यात जे टाइप करावे ते अक्षर अन् अक्षर तारेवरून उघडेच जाई, पासवर्डसुद्धा. त्या काळात जाळ्यावरची माणसे थोडी आणि बरीचशी एकमेकांना ओळखणारी होती, त्यामुळे हे कोणाला फारसे खटकले नाही. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समधून आरलॉगिन आणि आरएसएच हे कार्यक्रम सर्वदूर पोहोचले, आणि त्यांनी विश्वास आणखी एक पायरी खाली आणला. वापरकर्त्याने आपल्या खात्यात एक छोटी यादी ठेवायची : अमुक यंत्रावरून अमुक नावाचा माणूस आला तर पासवर्ड विचारू नये. अमक्या वाड्यातून आलोय म्हटले की दिंडी उघडायची, असा तो प्रकार. आलेला माणूस खरोखर त्या वाड्यातला आहे का, हे पाहण्याचे साधन जवळजवळ नव्हतेच.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने जाळ्यावर सोडलेल्या 'वर्म'ने हा भाबडेपणा उघडा पाडला. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली, असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो. त्या कार्यक्रमाजवळ ४३२ शब्दांची एक यादी होती. लोकांचे पासवर्ड त्यात सापडतात का, हे तो पाहत असे. एकदा आत शिरला की शेजारच्या यंत्रांवर जाण्यासाठी त्या विश्वासाच्या यादीचाच उपयोग करी. या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे मदतकेंद्र उभे राहिले.

पासवर्ड ओळखता येतो, एवढेच तोवर कळले होते. तो ओळखण्याची गरजच नाही, हे पुढच्या काही वर्षांत कळले. त्या काळच्या इथरनेटमध्ये एका खोलीतली, कित्येकदा एका इमारतीतली सगळी यंत्रे एकाच तारेवर असत. एकाने दुसऱ्याला पाठवलेले पाकीट तिसऱ्याच्या दारावरून जाई, आणि तिसऱ्याने ते न वाचता सोडून द्यावे असा फक्त संकेत होता. एका यंत्रात शिरलेल्या चोराने त्याच्या नेटवर्क कार्डाला 'सगळेच ऐक' असे सांगितले, की त्या तारेवरून जाणारी प्रत्येक जोडणी त्याला ऐकू येई. पासवर्ड जोडणीच्या अगदी आरंभी येतो, त्यामुळे सुरुवातीची काही अक्षरे टिपून ठेवली तरी पुरत. ३ फेब्रुवारी १९९४ रोजी सर्टने जाहीर इशारा दिला : अशा रीतीने हजारोंच्या, दहा-दहा हजारांच्या संख्येने यंत्रांचे पासवर्ड चोरीला गेले आहेत. आपण पासवर्ड बदलला तरी उपयोग शून्य; नवा पासवर्डही त्याच तारेवरून जाणार होता.

यानंतर वर्षभराने ही गोष्ट फिनलंडमध्ये घडली. हेलसिंकीला लागून असलेल्या ओतानिएमी येथील तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर १९९५ मध्ये असेच एक टिपणयंत्र सापडले. त्यात हजारो नावे आणि पासवर्ड साठलेले होते. तातू युलोनेन हे तेथे संशोधक होते. त्यांनी काही महिन्यांत एक कार्यक्रम लिहिला आणि त्याला 'सिक्युअर शेल', म्हणजे एसएसएच, असे नाव दिले. टेलनेट व आरलॉगिन जे करत तेच तो करी, पण सगळे बोलणे कूटबद्ध करून. आणि त्याला पासवर्डाची अट नव्हती.

या जन्मकथेतला एक तपशील मोठा गमतीचा आहे. जाळ्यावरच्या प्रत्येक सेवेला 'पोर्ट' क्रमांक लागतो आणि तो देण्याचे काम 'आयाना' ही संस्था करते. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा क्रमांक २१, टेलनेटचा २३. या दोघांचीही जागा घेऊ पाहणाऱ्या कार्यक्रमाला मधला २२ मिळाला तर बरे, म्हणून युलोनेन यांनी १० जुलै १९९५ रोजी साधा ई-मेल धाडला. कसलीही समिती बसली नाही, सुनावणी झाली नाही. २२ हा क्रमांक लगेच मिळाला आणि दोन दिवसांत कार्यक्रम जाहीर झाला. आज जगातल्या असंख्य सर्व्हरांच्या दारावर जो आकडा लिहिलेला आहे, त्याची कुळकथा एवढीच. त्या वर्षअखेरीस सुमारे ५० देशांत २०,००० लोक एसएसएच वापरू लागले होते.

पासवर्डाची अट नव्हती, ती कशामुळे? जे गुपित तारेवरून पाठवायचेच नाही, ते आपल्याजवळ आहे हे दूरच्याला पटवायचे कसे, असा हा पेच आहे. त्याचे उत्तर युलोनेन यांच्या आधी वीस वर्षे तयार होते.

स्टॅनफर्डमधील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांचा निबंध नोव्हेंबर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलूप लावण्याची आणि ते उघडण्याची किल्ली एकच असली पाहिजे, हे हजारो वर्षांचे गृहीतक त्यांनी बाजूला ठेवले. किल्ल्या दोन असाव्यात, एक जगजाहीर आणि एक खासगी. जाहीर किल्लीवरून खासगी काढता येऊ नये. कल्पना त्यांनी मांडली, पण अशी जोडी प्रत्यक्ष कशी घडवायची हे त्या निबंधात नव्हते. ते १९७७ मध्ये एमआयटीतील रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी साधले. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय अवघड, या एकाच अडचणीवर त्यांची पद्धत उभी आहे. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ती आरएसए झाली.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबायला हवे, कारण 'पहिले कोण' या प्रश्नाला या प्रकरणात दोन उत्तरे आहेत. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या गुप्त संस्थेत जेम्स एलिस यांनी हीच कल्पना १९७० मध्ये कागदावर उतरवली होती. क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये आरएसएसारखीच पद्धत शोधली, आणि माल्कम विल्यमसन यांनी १९७४ मध्ये डिफी-हेलमन यांच्या रीतीशी जुळणारी रीत. ते सारे कागद कुलपात राहिले. अमेरिकेत इतरांचा गौरव होत असताना हे तिघे गप्प होते, कारण गप्प राहणे हीच त्यांची नोकरी होती. डिसेंबर १९९७ मध्ये संस्थेने हे जाहीर केले. एलिस त्याच्या महिनाभर आधी वारले होते. अग्रमान कोणाचा, यावर वाद घालता येईल. मात्र एसएसएचपर्यंत पोहोचलेला धागा अमेरिकेतल्या उघड निबंधांतून आला, चेल्टनहॅमच्या तिजोरीतून नव्हे, हे नाकारता येणार नाही.

मराठी दफ्तरे चाळणाऱ्यांना ही दोन किल्ल्यांची गोष्ट शिक्कामोर्तबावरून चटकन उमजेल. शिक्क्याचा ठसा सर्वांनी पाहावा यासाठीच असतो. शिक्का स्वतः मात्र जपून ठेवलेला. 'पब' फाइल म्हणजे त्या ठशाची ओळख, आणि दुसरी फाइल म्हणजे शिक्का. तुलना येथपर्यंतच चालते. ठसा पाहून कसबी कारागीर बनावट शिक्का कोरू शकतो. येथे ठशावरून शिक्का कोरण्याचे काम गणिताने अशक्यप्राय करून ठेवले आहे. शिवाय शिक्का प्रत्येक कागदावर सारखाच उमटतो. एसएसएचच्या आजच्या रीतीत दर जोडणीला एक नवी, पुन्हा कधी न येणारी खूण तयार होते. आपला संगणक खासगी किल्लीने त्या खुणेवर सही करतो आणि सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळतो. ती सही कोणी तारेवरून चोरली तरी पुढच्या जोडणीला ती रद्दी. ओतानिएमीच्या चोराने वर्षभर कान लावून ठेवले असते, तरी त्याच्या हाती काही लागले नसते.

'अशक्यप्राय' या शब्दाला काळाची मर्यादा असते, हेही लगेच सांगितले पाहिजे. १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात १२९ अंकी संख्येवर आधारलेले आरएसएचे कोडे वाचकांसमोर ठेवले. बक्षीस १०० डॉलर. ते सुटायला अब्जावधी वर्षे लागतील अशी तेव्हाची समजूत. एप्रिल १९९४ मध्ये ते सुटले. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापल्या यंत्रांचा रिकामा वेळ देऊन आठ महिन्यांत ते फोडले. किल्ली किती बिटची असावी, हा प्रश्न मार्गदर्शिकांमध्ये येतो तो या कारणाने.

युलोनेन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये कंपनी काढली आणि पुढच्या आवृत्त्यांचे परवाने कडक होत गेले. ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या, मुक्त आवृत्तीवरून स्वतःची शाखा काढली. १ डिसेंबर १९९९ रोजी ती ओपनएसएसएच या नावाने बाहेर पडली. आज बहुतेकांच्या संगणकावर असते ती हीच.

मग कोडची भांडारे या गोष्टीत कुठे आली? नव्वदीच्या दशकात अनेकांनी मिळून लिहायचा कोड बहुधा सीव्हीएस या व्यवस्थेत राहत असे. तिचा स्वतःचा सर्व्हर पासवर्ड केवळ अक्षरांची अदलाबदल करून पाठवी. ते उलगडायला गणित लागत नव्हते. म्हणून शहाणी मंडळी सीव्हीएसचे सारे बोलणे एसएसएचमधून नेत. पण शहाणपण सर्वत्र सारखे नव्हते, आणि २००३ चा नोव्हेंबर त्याची साक्ष आहे.

त्या महिन्याच्या आरंभी लिनक्सच्या गाभ्याच्या एका सीव्हीएस प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ती एक तपासणी होती; पण तुलनेच्या दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी तेथे एकच होते. त्यामुळे 'हा वापरकर्ता सर्वाधिकारी आहे का?' या प्रश्नाचे 'हा वापरकर्ता सर्वाधिकारी होवो' या आज्ञेत रूपांतर झाले होते. मूळ भांडार दुसऱ्याच व्यवस्थेत होते आणि त्यात या ओळींची नोंद नव्हती, म्हणून चोरी उघडकीस आली. त्याच महिन्यात डेबियन या लिनक्स प्रकल्पाच्या सर्व्हरांत चोर शिरले. सुरुवात झाली होती एका विकासकाच्या टिपलेल्या पासवर्डापासून, आणि तेव्हा एसएसएचला आठ वर्षे झाली होती. कोडच्या भांडाराचे दार हे साधे दार नव्हे. तेथे घातलेली एक ओळ दुसऱ्या दिवशी लाखो लोक आपल्या हाताने आपल्या यंत्रात उतरवून घेतात.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. २००८ मध्ये गिटहब सुरू झाले. गिटहबच्या एसएसएच दारावर आजही एक विलक्षण गोष्ट दिसते : सगळे जण एकाच नावाने आत जातात, आणि ते नाव असते 'गिट'. आलेला माणूस कोण, हे केवळ किल्लीवरून ठरते. नाव विचारलेच जात नाही. ओपनएसएसएच साधारणपणे परवानगी दिलेल्या सार्वजनिक किल्ल्या एका फाइलीत ओळीने ठेवते; किल्ल्यांची संख्या वाढत गेली तशी ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचणे परवडेना, म्हणून गिटहबने ओपनएसएसएचमध्ये बदल करून किल्ल्या थेट डेटाबेसमधून शोधायला आरंभ केला. ओळख म्हणजे किल्ली, आणि किल्ली म्हणजे एका तक्त्यातली ओळ. ही गोष्ट लक्षात ठेवावी; चार वर्षांनी ती महागात पडणार होती.

त्याआधी मात्र किल्ली घडवण्याच्या कारखान्यातच घोटाळा झाला. गिटहब सुरू झाल्यावर महिनाभराने, १३ मे २००८ रोजी, डेबियनने एक सूचना काढली. लुचानो बेलो यांनी शोधलेली ती चूक सप्टेंबर २००६ पासून तेथे बसून होती. कोड तपासणारे व्हालग्रिंड हे साधन ओपनएसएसएल या ग्रंथालयातील दोन ओळींबद्दल सतत कुरकुर करी. डेबियनच्या बाजूने त्या ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. हेतू स्वच्छ होता, आधी विचारणाही झाली होती. दुर्दैवाने त्यांतल्या एका ओळीतूनच यादृच्छिकतेचा सगळा पुरवठा आत येत होता. ती बंद पडल्यावर किल्ली घडवताना अनिश्चित असे एकच उरले : त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियेचा क्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंतच जातो.

याचा अर्थ असा, की डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर या वीस महिन्यांत जगात कोणीही, कुठेही किल्ली घडवली असली, तरी एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्या तेहतीस हजारांच्या आतच होत्या. २,०४८ बिटचा डौल, आणि आत चार-पाच आकडी कुलूप. काही दिवसांतच सगळ्या संभाव्य किल्ल्यांचे संच तयार करून प्रसिद्ध झाले. चोराने ते एकामागून एक लावून पाहायचे एवढेच. दुरुस्ती बसवणे सोपे होते. आधीच वाटलेल्या किल्ल्या परत गोळा करणे अवघड, कारण त्या कुठे कुठे चिकटवलेल्या आहेत हे मालकालाही आठवत नाही. गिटहब प्रत्येकाच्या सार्वजनिक किल्ल्या उघडपणे दाखवते. २०१५ मध्ये बेन कॉक्स यांनी त्या लाखोंच्या संख्येने गोळा करून तपासल्या, तेव्हा डेबियनच्या त्या शापित संचातल्या किल्ल्या तेथे अजून जिवंत सापडल्या. चूक दुरुस्त होऊन सात वर्षे झाली होती. ५१२ बिटच्या काही किल्ल्याही मिळाल्या. १२९ अंकी कोडे ज्या वाटेने फुटले त्याच वाटेने त्याही फुटू शकत होत्या. गिटहबने त्या किल्ल्या रद्द केल्या.

आता २०१२ कडे वळावे. येगोर होमाकोव्ह हा रशियन तरुण रुबी ऑन रेल्स या चौकटीतील एका उणिवेबद्दल तिच्या कर्त्यांशी वाद घालत होता. फॉर्ममधून आलेली सगळी माहिती, मागितलेली नसली तरी, डेटाबेसमध्ये उतरण्याची मुभा रेल्स डीफॉल्टने देत असे. ही प्रोग्रामरने घ्यायची काळजी आहे, असे उत्तर त्याला मिळाले. गिटहब स्वतः रेल्सवर चालत होते. होमाकोव्हने आधी रेल्सच्या तक्रारवहीत ३०१२ सालची तारीख असलेली नोंद करून दाखवली. ४ मार्च २०१२ रोजी त्याने पुढचे पाऊल टाकले. सार्वजनिक किल्ली नोंदवण्याच्या गिटहबच्या फॉर्ममध्ये त्याने एक जास्तीचे खाते-क्रमांकाचे घर भरले, आणि त्याची किल्ली रेल्स प्रकल्पातील एका अधिकारी व्यक्तीच्या नावावर नोंदली गेली. मग त्याने रेल्सच्या मुख्य शाखेत एक फाइल टाकली.

या हल्ल्यात एकही गुपित चोरले गेले नाही. कूटशास्त्राला धक्काही लागला नाही. सही खरी होती, पडताळणी खरी होती. फक्त 'ही किल्ली कोणाची' हे सांगणारी तक्त्यातली ओळ खोटी होती. शिक्का अस्सल, पण शिक्केनविशीचे पद भलत्याकडे. होमाकोव्हचे खाते आधी गोठवण्यात आले, आणि त्याचा हेतू वाईट नव्हता हे पाहून पुन्हा सुरू करण्यात आले. त्यानंतर काही दिवसांनी गिटहबने सर्व वापरकर्त्यांच्या सर्व एसएसएच किल्ल्या थांबवून ठेवल्या, आणि प्रत्येकाने आपल्या किल्ल्या पाहून 'ही माझीच' असे कबूल केल्यावरच त्या चालू केल्या. नवी किल्ली नोंदली की ई-मेल येतो, पानावर किल्लीचे नाव आणि ती शेवटची कधी वापरली ते दिसते. ते पान वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे. जुन्या नोकरीतला, विकून टाकलेला लॅपटॉप तेथे अजून पाहुणा म्हणून बसलेला असू शकतो.

खासगी किल्ली ज्या यंत्रावर राहते, ते यंत्रच फुटले तर? ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचे घर असलेल्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांत चोर शिरल्याचे आढळले. त्यांनी तेथील एसएसएचच्या फायलीच बदलल्या होत्या आणि लोक जे टाइप करत ते टिपले जात होते. ४४८ वापरकर्त्यांना आपल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. सर्व्हरवर खासगी किल्ली ठेवू नये, हा नियम तेव्हापासून अधिक गांभीर्याने सांगितला जाऊ लागला. परवलीच्या वाक्याचे कामही येथेच कळते. ते तारेवरून कुठेच जात नाही. ते फक्त आपल्या डिस्कवरच्या फाइलीला लावलेले कुलूप असते. फाइल चोरीला गेली तर नव्या किल्ल्या नोंदवेपर्यंतचा वेळ ते मिळवून देते. त्या कुलपाची जुनी बनावट तकलादू होती. जानेवारी २०१४ मधील ओपनएसएसएच ६.५ ने अधिक चिवट रीत आणली. त्याच आवृत्तीत एड२५५१९ या प्रकारची किल्ली आली, जिची सार्वजनिक बाजू एका छोट्या ओळीत मावते. आज नवी किल्ली घडवताना हाच प्रकार सुचवला जातो. दर वेळी वाक्य टाइप करण्याचा कंटाळा असेल, तर 'एजंट' नावाचा मदतनीस ते एकदाच विचारून किल्ली स्मरणात धरून ठेवतो. परवलीचे वाक्य रिकामे सोडणे हा आळस आहे, आणि तो लॅपटॉप हरवेपर्यंत खपून जातो.

उरली ती शेवटची पायरी, न वाचता लिहिलेले 'यस'. आपण सर्व्हरला ओळख पटवतो तशी सर्व्हरनेही आपल्याला पटवावी लागते. त्याचीही किल्ल्यांची जोडी असते. पण पहिल्या भेटीत त्याची सार्वजनिक किल्ली खरी आहे हे कोण सांगणार? युलोनेन यांच्यासमोर १९९५ मध्ये दोन वाटा होत्या. जगभरच्या सर्व्हरांना दाखले देणारी मध्यवर्ती कचेरी उभी राहीपर्यंत थांबायचे. किंवा पहिल्या भेटीत विश्वास ठेवायचा, किल्ली वहीत टिपून ठेवायची, आणि पुढे ती बदलली तर आरडाओरडा करायचा. त्यांनी दुसरी निवडली. तडजोड होती, पण तिच्यामुळेच एसएसएच काही महिन्यांत पसरू शकले.

२४ मार्च २०२३ रोजी, भारतात सकाळचे साडेदहा वाजत असताना, गिटहबने आपली सर्व्हरची आरएसए किल्ली बदलली. खासगी बाजू काही काळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती, असे कंपनीने स्वतः सांगितले. जगातील सर्वांत मोठ्या कोड-भांडाराने आपला शिक्का चौकात विसरावा, याला काय म्हणावे! ज्यांच्या वहीत जुनी किल्ली होती त्यांच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत धोक्याची पाटी झळकली : दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणी मध्ये बसून ऐकत असण्याची शक्यता आहे. पाटीचे काम तिने चोख बजावले. वहीतली जुनी ओळ खोडून पुन्हा 'यस' लिहिणे सोपे होते. गिटहबने प्रसिद्ध केलेल्या नव्या ठशाशी अक्षरे ताडून मग 'यस' लिहिणे एका मिनिटाचे काम होते.

पुढच्याच वर्षी, २९ मार्च २०२४ रोजी, आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस विकासकाने एक टिपण जाहीर केले. एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या क्षुल्लक शंकेवरून ते खोदत गेले होते. एक्सझेड हे फायली आवळणारे ग्रंथालय काही लिनक्स वितरणांत आडवळणाने एसएसएच सर्व्हरला जोडलेले असते, त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे मनोभावे काम करून, प्रकल्प एकहाती ओढणाऱ्या फिनलंडच्या लासे कॉलिन यांचा विश्वास मिळवला होता आणि नवी आवृत्ती काढण्याचा अधिकारही. तो चोरदरवाजा एसएसएचमधील आरएसए किल्ली पडताळणाऱ्या नेमक्या जागी बसवलेला होता. दुसऱ्या कोणा चोराने त्याचा फायदा घेऊ नये, म्हणून त्यालाही कुलूप होते. आत आलेली आज्ञा विशिष्ट खासगी किल्लीने सही केलेली असेल तरच तो उघडे. तिची सार्वजनिक बाजू त्या कोडमध्ये सर्वांसमोर पडून होती. खासगी बाजू अर्थातच कधी तारेवरून गेली नाही.

लेखनसीमा.